रिक्लायनरमध्ये नीट कसं बसायचं: आधी बूड, मग पाय, मग पाठ

कंबर दुखते म्हणून मी रिक्लायनर घेतला आणि पुढच्या तीन महिन्यांत कंबरेच्या जोडीला मान आणि माकडहाडही दुखायला लागलं. खुर्ची चांगली होती, गादी मऊ होती, पाठ मागे जात होती, पाय वर येत होते. त्यामुळे दोष माझ्या बसण्यात असेल हे डोक्यातच आलं नाही. शेवटी फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, ‘घरी जशा बसता तशाच बसा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा.’ तो फोटो पाहिल्यावर उलगडा झाला. बूड सीटच्या मध्यापर्यंत घसरलेलं, कंबरेमागे अख्खा हात जाईल एवढी पोकळी, खांद्यांजवळची पाठ तेवढी टेकलेली आणि हनुवटी छातीला लागलेली. मला वाटत होतं मी पाठ मोकळी करून रेलले आहे, प्रत्यक्षात मी तासन्‌तास पोक काढून बसत होते.

सवय बदलायला मला दोनेक आठवडे लागले. तुम्ही नुकताच रिक्लायनर घेतला असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आणला असेल, तर पहिल्या दिवसापासूनच नीट बसायला लागा. चुकीची सवय एकदा अंगवळणी पडली की ती मोडायला जास्त कष्ट पडतात.

मुळात गडबड कुठे होते

पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेत 7, पाठीत 12 आणि कंबरेत 5 मणके असतात. मानेत आणि कंबरेत कण्याला पुढच्या बाजूला हलका बाक असतो, मधल्या पाठीत मागच्या बाजूला. उभं असताना हे बाक आपोआप टिकतात. आपण बसतो तेव्हा मांड्या वर येतात, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, कटीचं हाड मागे कलतं आणि कंबरेतला बाक सपाट होतो. जे. जे. कीगन या अमेरिकी डॉक्टरांनी वेगवेगळ्या स्थितींतले एक्स-रे काढून हे 1953 साली मांडलं होतं. धड आणि मांडी यांच्यात साधारण 135 अंशांचा कोन असताना कंबर आपल्या नैसर्गिक आकाराच्या जवळ राहते, असं त्यांना दिसलं. 2006 साली स्कॉटलंडमध्ये 22 निरोगी माणसांचे बसलेल्या स्थितीत एमआरआय काढले गेले. पोक काढून बसणं, 90 अंशांत ताठ बसणं आणि 135 अंशांत मागे रेलून बसणं यांची त्यात तुलना होती. मणक्यांमधल्या चकत्यांची हालचाल रेललेल्या स्थितीत सर्वांत कमी झाली.

तेव्हा रेलून बसणं वाईट, ही समजूत मनातून काढून टाका. पण हा कोन तुमच्या धडाचा आणि मांडीचा आहे, खुर्चीचा नाही. बूड पुढे घसरलेलं असेल तर खुर्ची 135 अंशांत उघडलेली असूनही तुमची कंबर धनुष्यासारखी वाकलेली असते आणि बराचसा भार माकडहाडावर येतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

काय काय जवळ ठेवायचं

- एक मध्यम आकाराचा टॉवेल, गुंडाळी करून कंबरेमागे ठेवायला
- एक पातळ उशी मानेसाठी (जाड नको, कारण पुढे सांगितलं आहे)
- मांडीवर ठेवायला एक जाडसर उशी, वाचताना किंवा मोबाइल बघताना लागते
- पाय जमिनीला टेकत नसतील तर पायाखाली घ्यायला घट्ट, न सरकणारा पाट किंवा स्टूल
- मोबाइलमधला गजर
- बाजूने फोटो काढून देणारं एक माणूस

कंबरेसाठी खास उशी लगेच विकत आणू नका. टॉवेलची जाडी कमीजास्त करून बघता येते, विकतच्या उशीची येत नाही. आधी आठवडाभर टॉवेल वापरा, आपल्याला किती जाडी लागते ते कळू द्या, मग हवी तर त्या मापाची उशी घ्या.

1. खुर्ची आपल्या मापाची आहे का ते तपासा

दुकानात आपण दोन मिनिटं बसतो, गादीचा मऊपणा बघतो आणि होकार देतो. मऊपणा सर्वांत शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी सीटची खोली बघा. बूड अगदी मागे टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं जातील एवढी जागा राहायला हवी. सीट जास्त खोल असली तर कड लवणीत रुतते, मग माणूस नकळत पुढे सरकतो आणि कंबरेचा आधार सुटतो. उंचीने लहान असलेल्यांची पाठ रिक्लायनरमध्ये दुखते ती बहुतेक वेळा यामुळेच. खुर्ची आधीच घरात असेल आणि सीट खोल वाटत असेल, तर पाठीमागे पूर्ण उंचीची, घट्ट, सपाट उशी लावून खोली कमी करा.

मग उंची. फूटरेस्ट बंद असताना दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. टाचा अधांतरी राहत असतील तर पाट घ्या. उलट, गुडघे नितंबांपेक्षा वर जात असतील तर खुर्ची तुम्हाला बुटकी आहे. त्यातून उठताना गुडघ्यांवर फार जोर येतो.

गादी इतकी मऊ नको की बसल्यावर बूड खड्ड्यात जाईल. खड्ड्यात गेलं की कटीचं हाड मागे कलणारच, मग कितीही टॉवेल लावा.

2. बॅकरेस्ट सरळ असतानाच बसा, बूड मागे न्या

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

खुर्ची पूर्ण बंद स्थितीत हवी. पाठमोरे होऊन इतके मागे जा की सीटची कड पायांना लागेल. दोन्ही हात आर्मरेस्टवर ठेवा आणि सावकाश बसा, धपकन अंग टाकू नका. बसल्यावर कंबरेतून पुढे वाका, हातांवर थोडा भार घ्या, बूड किंचित उचला आणि जिथे सीट आणि बॅकरेस्ट मिळतात त्या कोपऱ्यात नेऊन टेकवा. मग पाठ वर आणा. एका प्रयत्नात पूर्ण मागे जात नाही, बहुतेकांना दोनदा सरकावं लागतं.

बरोबर बसलात का ते ओळखायचं कसं? दोन्ही नितंबांखाली दोन टणक हाडं जाणवतात, बसायची हाडं. भार त्या दोन्हींवर सारखा असेल तर ठीक. मधोमध, माकडहाडावर दाब वाटत असेल तर कटी मागे कललेली आहे, पुन्हा करा. खिशात पाकीट किंवा मोबाइल असेल तर काढून ठेवा, त्याने एक बाजू वर उचलली जाते.

इथली नेहमीची चूक म्हणजे खुर्ची उघडीच ठेवायची आणि थेट तिच्यावर आडवं व्हायचं. असं केल्यावर बूड कोपऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही.

3. कंबरेमागची पोकळी भरा

आता हाताचा पंजा कंबरेमागे घालून बघा. सहज आत जात असेल आणि वर जागा उरत असेल तर टेकू हवा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती पट्टा बांधतो त्या रेषेवर किंवा जरा वर आडवी ठेवा. टेकल्यावर कंबर हलकेच पुढे ढकलल्यासारखी वाटली पाहिजे, बोचता कामा नये. पहिल्या दिवशी पातळ गुंडाळी पुरे. पाच-दहा मिनिटांत दुखायला लागलं तर जाडी कमी करा. ‘सवय होईल’ म्हणून सहन करू नका.

टेकू बरगड्यांपर्यंत वर गेला तर तो पाठीलाच पुढे ढकलतो आणि बुडाखाली आला तर बूड पुढे सरकवतो. खुर्ची मागे करताना गुंडाळी घसरते, म्हणून रेलल्यावर पुन्हा हाताने चाचपून बघा. टॉवेलच्या दोन टोकांना नाडी लावून ती बॅकरेस्टमागे बांधली तर तो जागचा हलत नाही. मी अजूनही तसाच वापरते.

ज्यांच्या खुर्चीत कंबरेचा फुगवटा आधीच आहे त्यांनी तो आपल्या कंबरेशी जुळतो का ते बघावं. उंच माणसाला तो खाली लागतो, बुटक्याला वर. जुळत नसेल तर तो नसल्यासारखाच आहे.

4. आधी पाय वर, मग पाठ मागे

खुर्चीला पाय आणि पाठ वेगवेगळी हलवणारी दोन बटणं असतील तर आधी फूटरेस्ट थोडा वर घ्या, मग पाठ मागे न्या. गुडघ्यांना आधार मिळाला की अंग पुढे घसरत नाही. रुग्णांच्या पलंगावरही डोक्याकडची बाजू उचलण्याआधी गुडघ्याकडची उचलतात ती याचसाठी. हाताच्या दांडीने उघडणाऱ्या खुर्चीत पाय आपोआप आधी वर येतात. तिथे एवढंच सांभाळा की पाठीने जोर देऊन मागे जाताना टाचांनी रेटा देऊन अंग पुढे ढकललं जाऊ नये. हात आर्मरेस्टवर ठेवून हातांच्या जोराने मागे जा.

पूर्ण रेलल्यावर एक छोटी गोष्ट करा. डोकं आणि खांदे क्षणभर बॅकरेस्टपासून सुटे करा आणि परत टेका. पाठ मागे जाताना कपडा आणि कातडी खाली ओढली जाते. सुटं करून टेकलं की ती ओढ जाते. नाजूक कातडीच्या म्हाताऱ्या माणसांना आणि फार वेळ बसून राहणाऱ्या आजाऱ्यांना हे न चुकता करायला लावा. अशी ओढ आणि सततचा दाब मिळून कंबरेच्या खालच्या टोकाला जखमा होतात.

5. काम बघून कोन ठरवा

अंश मोजायला अवघड वाटतात, म्हणून घड्याळ डोळ्यांपुढे आणा. तीन वाजता काट्यांमध्ये 90 अंशांचा कोन असतो, चार वाजता 120 आणि पाच वाजता 150.

जेवताना, लिहिताना, लॅपटॉपवर काम करताना तीन आणि चारच्या मधोमध राहा, म्हणजे 100 ते 110 अंश. गप्पा मारताना किंवा पडद्यावर काही बघताना चारपर्यंत. निव्वळ विश्रांती घेताना चार आणि पाचच्या मध्ये.

काम करत असताना पाचवर जाऊन बसणं हे मानदुखीचं हमखास कारण आहे. धड जेवढं मागे जाईल तेवढं समोरचं बघायला डोकं पुढे उचलावं लागतं. प्रौढ माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. ते तासभर तसं उचलून धरायचं काम मानेचे स्नायू करत राहतात, आणि आपण म्हणतो, ‘आरामात तर बसलो होतो, मान कशी आखडली?’

6. मान: उशी पातळ, पडदा वर

डोक्याची मागची बाजू हेडरेस्टला टेकलेली हवी आणि हनुवटी ना छातीकडे झुकलेली, ना आढ्याकडे उचललेली. बऱ्याच रिक्लायनरचा वरचा भाग फुगीर असतो आणि डोक्याला पुढे ढकलतो. त्यावर आणखी जाड उशी ठेवली तर हनुवटी छातीला भिडते. तुमचा हेडरेस्ट असा असेल तर डोक्यामागे काहीही ठेवू नका. त्याऐवजी खांद्यांच्या फऱ्यांमागे पातळ उशी लावा, म्हणजे पाठ पुढे येईल आणि डोकं तिच्या रेषेत बसेल. मानेच्या खळग्यात आधार हवा असेल तर हातरुमालाची गुंडाळी पुरते.

ताठ बसणाऱ्यासाठी पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवतात. रेलून बसणाऱ्यासाठी तो त्याहून वर आणि खालच्या बाजूला कललेला हवा. पडदा हलवता येत नसेल तर पाठ थोडी वर घ्या, मान वाकवू नका. मोबाइल आणि पुस्तकासाठी मांडीवर जाड उशी ठेवून त्यावर कोपरं टेकवा, म्हणजे ते डोळ्यांजवळ येतात. खुर्ची पडद्याच्या अगदी समोर ठेवा. तिरकी ठेवली तर मान कायम एकाच बाजूला वळलेली राहते. हे सांगायला किरकोळ वाटतं, पण माझी मान निम्म्याने बरी झाली ती खुर्ची फिरवल्यावर.

7. हात

कोपरं आर्मरेस्टवर टेकल्यावर खांदे सैल राहिले पाहिजेत. खांदे कानांकडे उचलले जात असतील तर आर्मरेस्ट उंच आहेत, मग हात मांडीवरच्या उशीवर ठेवा. कोपरासाठी एका बाजूला झुकावं लागत असेल तर ते खाली आहेत, त्यावर घडी केलेला टॉवेल ठेवा.

8. पाय आणि टाचा

फूटरेस्टवर पोटऱ्यांना सगळीकडून आधार हवा आणि टाचा कडेच्या किंचित बाहेर किंवा मऊ गादीवर असाव्यात. फूटरेस्ट आखूड असेल आणि पाय घोट्यांपासून लोंबत असतील तर गुडघे ताणले जातात. पायावर पाय टाकून बसू नका, त्याने कटी एका बाजूला फिरते.

गुडघ्यांखाली छोटी उशी घेतली की मांडीमागचे स्नायू सैलावतात आणि कंबरेला बरं वाटतं. पण गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ही उशी घेऊ नका. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, म्हणून तिथे टाचेखाली आधार देऊन गुडघा सरळ ठेवायला सांगतात. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर खुर्चीची उंची आणि कोन किती चालेल ते शल्यविशारदांना विचारूनच ठरवा.

पायांना सूज असल्यामुळे रिक्लायनर घेतला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सूज उतरायला पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर जावे लागतात. नुसता फूटरेस्ट उघडून, पाठ सरळ ठेवून बसलात तर पाय जेमतेम मांडीच्या उंचीवर येतात. पाठही बरीच मागे न्यावी लागते आणि पायांखाली उशी लागते. हृदयाचा आजार असेल किंवा एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना आली असेल तर आधी डॉक्टर, मग खुर्ची.

9. गजर लावा आणि हला

कितीही बरोबर बसलात तरी तसंच बसून राहू नका. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. भोवतालच्या भागातून झिरपून त्यांना पोषण मिळतं आणि हालचालीने ते झिरपणं चालू राहतं. पोटऱ्यांमधलं रक्त वर ढकलायलाही स्नायूंची हालचाल लागते.

मी अर्ध्या तासाचा गजर लावते. वाजला की उठून दोन मिनिटं चालते. उठणं शक्य नसलेल्यांनी बसल्याबसल्या पंजे वीस वेळा पुढे-मागे करावेत आणि खुर्चीचा कोन बदलावा, चारवरून साडेतीनवर, परत चारवर. गजर वाजल्यावर दुसऱ्या पायरीची तपासणीही करा. अर्ध्या तासात बूड दोन-चार इंच पुढे आलेलं असतंच.

जेवल्यावर लगेच पूर्ण आडवे होऊ नका, विशेषतः ॲसिडिटीचा त्रास असेल तर. दोन-तीन तास पाठ बऱ्यापैकी वर ठेवा. आणि खुर्चीतच रात्र काढायची सवय लावून घेऊ नका. कूस बदलता येत नाही, नितंब आणि गुडघे रात्रभर वाकलेले राहतात. श्वासाच्या किंवा खांद्याच्या त्रासामुळे डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

10. उठताना

पडापडीचा धोका इथे असतो. आधी पाठ वर आणा आणि फूटरेस्ट पूर्ण बंद झाल्याचा आवाज ऐका. अर्धवट बंद फूटरेस्टवरून पाय टाकून उतरू नका, त्यावर भार पडला तर खुर्ची पुढे कलंडू शकते. मग सीटच्या पुढच्या कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, हात आर्मरेस्टवर ठेवा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उभे राहा. बराच वेळ आडवं असल्यावर चक्कर येऊ शकते. म्हणून चालायच्या आधी खुर्ची धरून दहापर्यंत मोजा. उठवून उभं करणारी मोटरची खुर्ची असेल तर तिला पूर्ण वर येऊ द्या, मध्येच उडी मारल्यासारखं उतरू नका.

खुर्ची बंद करण्याआधी खाली बघायची सवय लावा. उघडलेला फूटरेस्ट आणि सीट यांच्या फटीत लहान मुलं आणि पाळीव प्राणी शिरतात आणि बंद होताना अडकतात. ज्या घरात लहान मूल आहे तिथे वापर झाल्यावर खुर्ची बंद ठेवा आणि मोटरची असेल तर रिमोट मुलाच्या हाती लागू देऊ नका.

दुखणं थांबत नसेल तर

नीट बसायला लागल्यावर पहिले तीन-चार दिवस पाठ वेगळ्या जागी भरून येते, तेवढं चालतं. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, दुखणं पायात खाली उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा लघवी अडली, पायातली ताकद गेली, तर एक दिवसही थांबू नका. तातडीने रुग्णालय गाठा.

आठवड्यानंतर पुन्हा बाजूने फोटो काढून घ्या, तोही सांगून नाही, तुम्ही रमून काहीतरी बघत असताना. कान, खांदा आणि कुल्ल्याचं हाड यांतून एक रेघ ओढून बघा. ती बॅकरेस्टला जवळपास समांतर असेल आणि कंबरेमागे उजेड दिसत नसेल तर टॉवेल आहे तिथेच राहू द्या. उजेड दिसला तर पायरी 2 पासून परत सुरू करा.